मूठ कोणाच्या हाताची?

शस्त्राची पारख करताना आपली नजर आधी पात्यावर किंवा नळीवर जाते. मुठीकडे आपण पाहतो ते सर्वांत शेवटी, आणि तेही तिच्यावर काही कोरीवकाम असेल तर. वास्तविक शस्त्र आणि माणूस यांची गाठ पडते ती मुठीतच. आपल्याकडच्या जुन्या तलवारींची मूठ आखूड आणि घट्ट असे, तिच्या टोकाला थाळीसारखी चकती असे. दांडपट्ट्याला तर हात कोपरापर्यंत आत जाईल असा पोलादी खोबळाच होता. ज्या तऱ्हेने शस्त्र चालवायचे त्या तऱ्हेने हात बसावा, एवढाच त्यामागचा विचार.

कौटुंबिक मासिकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु ग्वाल्हेरकडील आणि आसपासच्या आपल्या कित्येक घरांत परवान्याचे एखादे रिव्हॉल्व्हर असते. ते घरात असावे की नसावे, हा वाद आम्ही येथे उकरीत नाही. वडिलांच्या पश्चात रीतसर अर्ज होऊन परवाना मुलीच्या नावे होतो. शस्त्र मात्र तेच राहते, आणि त्यावरची मूठही वडिलांच्या रुंद पंजाला शोभणारी. नवे घ्यायचे झाले तरी दुकानात ते हातात तोलून पाहतात ते यजमान, आणि परवाना असतो बाईंचा. कायद्याने जिच्या नावावर शस्त्र, तिच्याच हातासाठी मूठ निवडली पाहिजे, ही साधी गोष्ट नेमकी येथेच निसटते.

लहान रिव्हॉल्व्हर लहान हाताला सोपे, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीने १९५० साली ‘चीफ्स स्पेशल’ हे पाच काडतुसांचे छोटे रिव्हॉल्व्हर काढले. त्याची पोलादी घडण सुमारे साडेपाचशे ग्रॅमची. पुढे हलक्या धातूच्या घडणीत हेच वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास आले. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली स्त्रियांना डोळ्यांसमोर ठेवून काढलेले ३२ बोअरचे ‘निर्भीक’ही सुमारे पाचशे ग्रॅमचेच. वजन कमी झाले की बाळगणे सोपे होते, पण उडवताना बसणारा धक्का तेवढाच जोराने तळहातात उतरतो. त्यात घोडा न चढवता नुसता चाप ओढायचा, तर अशा छोट्या रिव्हॉल्व्हरला पाच-साडेपाच किलोंचा जोर लागतो. अर्ध्या किलोची वस्तू स्थिर धरून तिच्यावर दहापट जोर लावायचा! मूठ हातात फिरली की नेम गेलाच म्हणून समजावे.

कारखान्यातून येणाऱ्या जुन्या लाकडी फळ्या पातळ असत. चापाभोवतीच्या कड्याच्या मागे एक पोकळी राही. धक्क्यासरशी रिव्हॉल्व्हर खाली सरके आणि ते कडे मधल्या बोटाच्या पेरावर आदळे. दोन-चार बार काढले की बोट सुजे, आणि माणूस सराव सोडून देई. सराव सुटलेले शस्त्र घरात असणे हे नसण्याहून वाईट, असे आमचे स्पष्ट मत आहे. या पोकळीवर ओक्लाहोमाच्या मेल्विन टायलर यांनी एक धातूचा छोटा तुकडा काढला. मूळ फळ्या तशाच ठेवून तो पुढच्या बाजूने बसवायचा. मूठ जाड होत नाही आणि पोकळी भरते. आमच्या मते लहान हातांसाठी इतकी सोपी युक्ती दुसरी नाही.

रबरी मुठींचा प्रकार वेगळा. मूळच्या लॉस एंजेलिसच्या पॅकमायरच्या मुठी प्रसिद्ध आहेत. रबर दबते, धक्का अधिक जागेवर पसरतो, घामाने हात निसटत नाही. काही मुठी धातूची मागची बाजूही झाकतात. त्याने तळहाताला आराम मिळतो खरा, पण चाप तेवढाच दूर जातो. लांब बोटांच्या माणसाला याचे काही वाटत नाही. आखूड बोटांच्या बाईला मात्र चापापर्यंत पोचण्यासाठी अख्खी पकडच तिरकी करावी लागते. दुकानदार “मऊ आहे, बाईंना बरी” म्हणून हीच मूठ पुढे करतो! पारख अशी की, नळी मनगटाच्या सरळ रेषेत ठेवून तर्जनीचे पहिले पेर चापावर नीट टेकले पाहिजे. ही परीक्षा परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात किंवा नेमबाजीच्या मैदानावर, चक्र उघडून आणि सगळी घरे रिकामी असल्याचे दोनदा पाहूनच करावी.

रबराचा दुसरा दोष म्हणजे ते कापडाला चिकटते. पदराला, ओढणीला, सदऱ्याच्या अस्तराला ते धरून बसते आणि आतली वस्तू बाहेरून उठून दिसते. गुळगुळीत अक्रोडाचे लाकूड कापडावरून सरकते. लपवायचे तर मूठ आखूड हवी, धरायचे तर लांब; करंगळीला आधार हवा तर खिसा फुगणार. अमेरिकेत क्रेग स्पेगल या कारागिराने या ओढाताणीतून जी आखूड मूठ घडवली, ती चौकटीच्या तळाशीच संपते, पण पुढून दोन बोटांना भरीव आधार देते. करंगळी खाली दुमडून राहते. सवयीने ते जमते. शस्त्र कपाटातच कुलपात राहणार असेल, तर मात्र लपवण्याची ही सारी विवंचना व्यर्थ आहे. तेथे खुशाल लांब, भरीव मूठ घ्यावी.

डावीकडची फळी चक्राजवळ कोरलेली आहे ना, हेही पाहावे. नसेल तर रिकामी काडतुसे बाहेर पडताना तिच्यावर अडतात. हस्तिदंती मुठीच्या मोहात कोणी पडू नये; हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीस आपल्याकडे बंदी आहे.

परदेशी मूठ आपल्या रिव्हॉल्व्हरवर बसेलच असे नाही. चौकटीचा आकार, स्क्रूची जागा, तळाची खुंटी, सगळे निरनिराळे असते. अशा वेळी चांगल्या कारागिराकडून शिसवी किंवा अक्रोडी फळ्या करवून घ्याव्यात. घासायचे ते लाकूड, चौकटीच्या धातूला कानस लावू देऊ नये. आणि काही रिव्हॉल्व्हरांचा, विशेषतः स्मिथ अँड वेसनच्या जुन्या घडणींचा, क्रमांक मुठीच्या तळाशी कोरलेला असतो. तळ झाकणारी मूठ बसवली की तो दिसेनासा होतो. निवडणुकीच्या दिवसांत शस्त्र ठाण्यात जमा करायला गेल्यावर परवान्यावरचा क्रमांक जुळवण्यासाठी हवालदार ती मूठ तेथेच काढायला सांगतो, आणि बरोबर स्क्रूड्रायव्हर कोणीच नेलेला नसतो.