हातोडीचं पातं

सिनेमातला नायक घनदाट जंगलात शिरतो आणि हातातल्या लांबलचक पात्यानं वेली सपासप तोडत वाट काढतो. त्या पात्याला इंग्रजीत मॅशेटी म्हणतात. शब्द मूळचा स्पॅनिश, उच्चार मचेते. आता सांगा, त्याचा अर्थ काय असेल? सुरी? विळा? तलवार? यातलं काहीच नाही. मचेते म्हणजे छोटा हातोडा!

जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीचं पातं आणि नाव हातोड्याचं?

शब्द जरा उसवून पाहू. शेवटचा '-एते' हा लहानपणा दाखवणारा स्पॅनिश प्रत्यय. तो काढला की उरतो 'माचो', म्हणजे घण. माचो म्हटल्यावर मिशीला पीळ देणारा, छाती काढून चालणारा गडी डोळ्यांपुढे आला ना? तो माचो निराळा. तो 'मास्कुलुस' म्हणजे नर या लॅटिन शब्दातून आला. दोन वेगळ्या कुळांतले शब्द शतकानुशतकं जिभेवर झिजत राहिले आणि शेवटी कानाला एकच होऊन बसले. घणवाल्या माचोच्या मुळाबद्दल अभ्यासकांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, हा 'मासो' म्हणजे सोटा या शब्दाचाच बोलीतला अवतार, आणि त्याचं मूळ 'मात्तेआ'. दुसरा तट 'मार्कुलुस' या लॅटिन हातोडीकडे बोट दाखवतो. वाट कोणतीही धरा, पोचता ठोकाठोकीपाशीच.

त्यातली 'मात्तेआ' तर भलतीच अजब. कोशात तिच्या आधी एक चांदणी छापलेली असते. चांदणीचा अर्थ असा, की हा शब्द कुठल्याही शिलालेखात किंवा हस्तलिखितात सापडलेला नाही. सोट्या-गदांची फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन नावं एकमेकांशी पडताळून, लोकांच्या तोंडच्या लॅटिनमध्ये हा शब्द असाच असला पाहिजे, असं भाषाशास्त्रज्ञांनी ठरवलं. कुणीही लिहून न ठेवलेला शब्द दीड-दोन हजार वर्षांनी छापला जातो, याचं नवल वाटायला नको?

बरं, पण पात्याला हातोडी म्हणणारा चुकला होता का? भाजी चिरताना खाली काहीतरी टेकू असतो. जंगलातल्या वेलीखाली काय असतं? हवा! लोंबणाऱ्या वेलीवर धारदार सुरी हळूच दाबून बघा. वेल कापली जायची नाही, नुसती मागे सरकेल. मग मचेतेनं ती तुटते कशी? वेगानं. मनगटाच्या झटक्यानं पात्याचं टोक इतक्या झपाट्यानं येतं, की वेलीला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. तिचं स्वतःचं जडत्वच तिला क्षणभर जागच्या जागी धरून ठेवतं. गवत छाटायच्या यंत्रात तर नायलॉनची साधी दोरी गरगरते. तिला धार कुठे असते? तरी गवत तुटतंच. म्हणजे इथे धारेइतकंच, किंबहुना जास्तच, काम करतो तो घाव.

पोलादाचंही तसंच. मचेतेचं पोलाद स्वयंपाकघरातल्या चांगल्या सुरीपेक्षा मुद्दाम नरम ठेवतात. कडक धार दगडावर आपटली तर तिचा टवका उडतो, नरम धार फक्त दबते. शेतातच दोन हात कानस मारली की पुन्हा कामाला. दणके खायच्या तयारीनंच घडवलेलं हे पातं. मला तर ते जुनं नाव अगदी चोख वाटतं.

या पात्याला जगभर फिरवलं ते उसानं. ऊस मूळचा न्यू गिनीकडचा. आशियातून भूमध्य समुद्राकडे, तिथून मदेइरा आणि कॅनरी बेटांवर, आणि 1493 मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियनमध्ये. उसाची गोडी बुडख्याकडे जास्त, शेंड्याकडे कमी, म्हणून तोड जमिनीलगतच व्हायला हवी. मूळ मात्र राखायचं, त्यातूनच खोडवा फुटतो. आणि तोडलेल्या उसातली साखर घटायला लगेच सुरुवात होते, म्हणून घाई. झटपट, खाली वाकून, एका घावात: हे काम मचेतेचं. ती ज्यांच्या हाती दिली ते होते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. मळेवाले रोज सकाळी त्यांच्या हाती हत्यार देत होते, याचा विचार करून बघा. 10 ऑक्टोबर 1868 ला क्यूबातल्या कार्लोस मानुएल दे सेस्पेदेस या मळेवाल्यानं आपले गुलाम मुक्त करून स्पेनविरुद्ध बंड पुकारलं. बंडवाल्यांकडे बंदुका थोड्या, मचेते भरपूर. 4 नोव्हेंबरला बंडवाल्यांचा सेनानी मासिमो गोमेस याच्या माणसांनी स्पॅनिश फौजेवर त्या पात्यांनीच हल्ला चढवला.

मग कारखानदार कसे मागे राहतील? अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये 1826 साली सुरू झालेल्या कॉलिन्स कंपनीनं आधी कुऱ्हाडी केल्या, नंतर लॅटिन अमेरिकेला इतक्या मचेते पुरवल्या, की तिथल्या काही भागांत लोक त्या पात्यालाच 'कोयीन' किंवा 'कोलीन' म्हणू लागले. आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत, तसंच.

पण माझं सगळ्यात लाडकं आश्चर्य अंगोलाच्या झेंड्यावर आहे. 1975 च्या या झेंड्यात अर्धं दातेरी चाक, एक तारा आणि शेतकऱ्यांचं चिन्ह म्हणून एक मचेते आहे. अंगोलाची राजभाषा पोर्तुगीज, आणि त्या भाषेत या पात्याला 'कताना' म्हणतात. ओळखीचं वाटतंय? सामुराईंची तलवार! पोर्तुगीज 1543 मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागले. पुढे गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी असा त्यांच्या जहाजांचा रस्ताच पडला. त्याच जहाजी व्यवहारात जपानी तलवारीचं नाव पोर्तुगीजांच्या तोंडी बसलं आणि आफ्रिकेत जाऊन शेतकऱ्याच्या अवजाराला चिकटलं.

मदेइरा बेटावर 'मचेते' नावाची आणखी एक वस्तू आहे, आणि ती वाजते! चार तारांचं चिमुकलं गिटार. 23 ऑगस्ट 1879 ला 'रेव्हन्सक्रॅग' जहाजातून मदेइराची माणसं होनोलुलूला उतरली, कशासाठी? उसाच्या मळ्यात काम करायला. त्यांच्याबरोबर आलेल्या या वाद्यापासून हवाईत युकुलेली घडली. ऊस इथेही सुटत नाही.

आपला कोयता पुढून वाकलेला, मचेते बहुधा सरळ, पण काम एकच. बीडकडच्या ऊसतोडीत कोयता हे नुसतं अवजार नाही, मोजायचं मापही आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एका पात्याच्या नावात दोन माणसं मावतात.

स्पॅनिशमध्ये तर मचेते शाळेतसुद्धा घुसली. मेक्सिकोत 'मचेतेआर' म्हणजे परीक्षेसाठी मान मोडून घोकणं. अर्जेंटिनात मात्र मचेते म्हणजे कॉपीची चिठ्ठी! त्यामुळे मेक्सिकोतला मुलगा 'मचेते'च्या जोरावर पास झालो म्हणाला तर आई खूश होईल, आणि तेच वाक्य ब्वेनोस आयर्समध्ये उच्चारणाऱ्याला मुख्याध्यापकांच्या खोलीत जावं लागेल.