मेडलची फाइल आणि प्रवेशाची यादी

जानेवारी उजाडला की निगडी-प्राधिकरणापासून मोशी-चिखलीपर्यंत चौकाचौकात शाळांचे फ्लेक्स लागतात. घोडेस्वारी, रोबोटिक्स, स्केटिंग, गिटार. त्याच दिवसांत घराघरांत एक प्लास्टिकची फाइल फुगू लागते: ॲबॅकसचं सर्टिफिकेट, कराटेचा पिवळा पट्टा, सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या नृत्यस्पर्धेचं प्रशस्तिपत्र. कशासाठी म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं, ‘पुढे ॲडमिशनला उपयोगी पडेल.’ ही फाइल नक्की कुठल्या दारात चालते, हे मात्र क्वचितच कोणी तपासून पाहतं.

‘नावाजलेल्या शाळेत मुलाची आणि आईवडिलांची मुलाखत होणारच, तिथे कलागुण दिसले की काम झालं’ हा सर्वांत पसरलेला समज. शिक्षण हक्क कायदा, 2009 याचं कलम 13 सांगतं की प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची कोणतीही चाळणी लावता येत नाही आणि देणगीही घेता येत नाही. चाळणी लावणाऱ्या शाळेला पहिल्या वेळी 25 हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत दंड आहे. ‘मुलाखत’ या शब्दाऐवजी ‘इंटरॅक्शन’ म्हटल्याने कायदा बदलत नाही. मुलगी भरतनाट्यम् करते म्हणून तिला घेणं आणि करत नाही म्हणून तिला नाकारणं, दोन्ही चाळणीच. अपवाद अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014च्या निकालानंतर त्यांना हा कायदा लागू नाही, त्यामुळे अर्ज करण्याआधी शाळेचा दर्जा विचारून घ्यावा.

हे कवच वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंतचं. नववीला खासगी शाळेचा हात मोकळा होतो. चाकणच्या एखाद्या वाहन कंपनीत बदली होऊन चेन्नईहून किंवा गुरुग्रामहून आलेल्या कुटुंबांना हा प्रश्न नेमका इथेच भेटतो. पण तिथेही आधी पाहिलं जातं ते जागा रिकामी आहे का, बोर्ड कोणतं, आठवीचे गुण किती आणि शाळा सोडल्याचा दाखला आणलाय का. अमेरिकेतल्या खासगी हायस्कूलांत अर्जासोबत निबंध, मुलाखत, खेळ, वाद्य असं सगळं तोलतात. आपल्याकडच्या पालकांनी ती पद्धत ऐकीव माहितीवरून इकडे लावून घेतली आहे.

आता दहावीकडे येऊ, कारण कलागुणांचं खरं मोल इथे ठरतं, तेही अगदी कागदावर. राज्य मंडळाच्या दहावीत खेळ, चित्रकला, शास्त्रीय गायन-वादन-नृत्य आणि लोककला यांसाठी वाढीव गुण मिळतात. खेळात हे गुण स्पर्धेच्या पातळीप्रमाणे वाढत जाऊन जास्तीत जास्त 25 होतात. शासकीय रेखाकला परीक्षेत इंटरमिजिएटला ए श्रेणी असेल तर 7, बी असेल तर 5, सी असेल तर 3. नुसती एलिमेंटरी पास होऊन थांबलेल्या मुलाच्या हाती यातलं काही येत नाही, आणि हे दहावीच्या दिवाळीत कळणारे पालक काही कमी नाहीत.

हिशेब करून पाहा. राज्य मंडळाची टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांच्या 500 गुणांवर निघते. 431 गुण म्हणजे 86.2 टक्के. त्यात इंटरमिजिएटचे 7 मिळवले की 87.6, आणि खेळाचे 25 मिळाले तर थेट 91.2. अकरावीच्या यादीत एकेका टक्क्यात शेकडो मुलं दाटलेली असतात, तिथे हा फरक महाविद्यालय बदलून टाकतो. 2025च्या दहावीत राज्यातल्या 211 विद्यार्थ्यांना शंभर टक्के मिळाले, त्यांतले 113 एकट्या लातूर विभागातले. या शंभरीमागे बहुतेकदा हे वाढीव गुणच असतात. ते न्याय्य आहे का, यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. माझ्या मते मैदानावर पाच वर्षं घाम गाळणाऱ्या मुलीला 25 गुण जास्त नाहीत. मला खटकतं ते एवढंच, की सीबीएसईच्या गुणपत्रिकेत असे वाढीव गुण नसतात आणि अकरावीच्या रांगेत मात्र दोन्ही मंडळांची मुलं एकत्र उभी राहतात.

फाइलमधली अर्धी सर्टिफिकेटं बाद होतात ती याच टप्प्यावर. क्लासवाले सांगतात, ‘इंटरनॅशनल स्पर्धा आहे, नेपाळला जायचंय, मुलाला गोल्ड पक्कं.’ पालक प्रवासखर्च आणि प्रवेश फी भरतात, मुलगा चकचकीत पदक घालून येतो. गुणांसाठी स्पर्धा मान्यताप्राप्त लागते: क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय क्रीडा स्पर्धा किंवा शासनाने मान्यता दिलेल्या संघटनेच्या अधिकृत स्पर्धा. खासगी फेडरेशनच्या परदेशवारीपेक्षा भोसरीच्या इंद्रायणीनगरातल्या ट्रॅकवर शालेय स्पर्धेत जिंकलेला साधा क्रमांक अशा वेळी भारी पडतो.

यात आपल्या पट्ट्यापुरती एक गंमत आहे. शालेय स्पर्धांत पिंपरी-चिंचवड महापालिका क्षेत्र हा स्वतंत्र जिल्हा धरला जातो. चिखलीच्या शाळेतला मुलगा शहरातल्या शाळांशी खेळून पुढे विभागाला जातो. काही किलोमीटरवरच्या चाकणचा मुलगा मात्र आधी खेड तालुक्यात आणि मग पुणे जिल्ह्यात खेळतो. घर बदलून शाळा बदलणाऱ्या खेळाडूच्या पालकांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

आळंदी-देहूच्या बाजूला पखवाज वाजवणारी पोरं पुष्कळ. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेमुळे ही परंपरा घरोघरी झिरपलेली आहे. पण सप्ताहात तास-तास साथ करणाऱ्या मुलाला दहावीत त्याचे गुण आपोआप मिळत नाहीत. मान्यताप्राप्त संस्थेच्या परीक्षा पास झालेल्या असल्या तर मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो, आणि मुदत चुकली की हात चोळत बसावं लागतं. नववीतच वर्गशिक्षकांना आणि क्रीडाशिक्षकांना गाठून ‘आमचं कोणतं सर्टिफिकेट धरलं जाईल?’ हे विचारणं सगळ्यांत स्वस्त उपाय.

‘अकरावीला कॉलेजवाले मेडल बघून घेतात’ हाही गैरसमजच. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये अकरावी आधीपासून केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने भरते, आणि 2025-26 पासून सगळ्या राज्याला तीच पद्धत लागू झाली. संगणक गुण, प्रवर्ग आणि पसंतीक्रम बघतो. पदक तिथे पोचतं ते गुणांत मिसळूनच, किंवा समांतर आरक्षणात खेळाडूंची जागा असते तिथे. उरतात कोट्यातल्या जागा: इनहाऊस 10 टक्के, व्यवस्थापन 5 टक्के, अल्पसंख्याक महाविद्यालयांत 50 टक्के. व्यवस्थापन कोट्यात एखाद्या संस्थेला राज्यस्तरावरची कबड्डीपटू हवीशी वाटू शकते. पण त्या नावाखाली कोणी पावतीशिवाय पैसे मागितले, तर महाराष्ट्रात देणगीबंदीचा कायदा 1987 पासून आहे, हे त्याला शांतपणे सांगावं.

गुणवत्ता हाच जिथे दरवाजा आहे, अशा संस्था वेगळ्याच. म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलातल्या क्रीडा प्रबोधिनीत निवडीवेळी उंची-वजन, 30 मीटर धाव, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, 800 मीटर धाव अशा चाचण्या होतात. तिथे मैदानावरचा आकडा बोलतो. याउलट शिरूर तालुक्यातल्या पिंपळे जगतापच्या नवोदय विद्यालयात किंवा साताऱ्याच्या सैनिक शाळेत लेखी परीक्षा आहे. मुलगा जिल्ह्यात पोहण्यात पहिला आला असला, तरी त्याचा त्या गुणांत काही वाटा नसतो.

म्हणून कुठल्याही क्लासची वर्षाची फी भरण्याआधी ‘प्रवेशाला उपयोग होतो’ हे वाक्य त्यांच्याकडून लेखी मागा, सोबत शासन निर्णयाचा क्रमांकही. आणि पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी एखाद्या शाळेने मुलाची परीक्षा किंवा तुमची मुलाखत घेतली, तर शहरात महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण विभागाकडे आणि चाकण परिसरात राजगुरुनगरच्या पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका.