माशीचा टोल आणि आपला टोल

‘कीटकांना कसली आलीय प्रतिकारशक्ती!’ हा समज चांगल्या शिकलेल्या माणसांतही आढळतो. माशीकडे प्रतिपिंडे नाहीत, हे खरे. पण जंतू अंगात शिरले की काही तासांत ती जंतुनाशक प्रथिने तयार करू लागते. बुरशीविरुद्ध हा हुकूम ‘टोल’ नावाच्या प्रथिनामार्फत सुटतो. टोलची पहिली ओळख मात्र वेगळीच होती: गर्भाची पाठ कुठे आणि पोट कुठे, हे ठरवणारे जनुक. १९९६ मध्ये स्ट्रासबर्गला ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो लमेत्र आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की टोल बिघडलेल्या फळमाश्या अ‍ॅस्परजिलस बुरशीपुढे टिकत नाहीत. पुढच्याच वर्षी मेदझितोव्ह आणि जेनवे यांनी माणसातल्या टोलच्या भाऊबंदाचे काम उलगडले.

इथूनच दुसरा गैरसमज निघाला, आणि तो जास्त चिवट आहे: प्रथिन एका घराण्यातले, म्हणजे कामही तेच. तसे नाही. माशीचा टोल बुरशीला स्पर्शही करत नाही. बुरशीची भिंत ओळखतात ती शरीरद्रवातली दुसरीच प्रथिने. मग विकरांची साखळी चालू होते, ‘श्पेट्झल’ हे प्रथिन कापले जाते आणि ते टोलला जाऊन चिकटते. माणसातला टोलचा भाऊबंद टीएलआर-४ मात्र एमडी-२ या जोडीदाराच्या मदतीने जिवाणूच्या आवरणातला रेणू थेट पकडतो. माशीचा टोल निरोप ऐकतो, आपला टोल शत्रू ओळखतो. पेशीच्या आतली पुढची वाट मात्र दोघांत बरीचशी एकच, आणि मला तीच या गोष्टीतली सर्वात थक्क करणारी बाब वाटते. बाहेरची कामे बदलली, आतली यंत्रणा कोट्यवधी वर्षे टिकली.

‘म्हणजे कीटकांतही इंटरफेरॉन असणारच’ ही त्यापुढची उडी. १९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी शोधलेले इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी प्रथिन कीटकांत नाही. क्युलेक्स डासाची विषाणूग्रस्त पेशी ‘व्हागो’ नावाचे प्रथिन बाहेर सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. काम हुबेहूब इंटरफेरॉनचे, नाते काहीच नाही. उलट आपल्या इंटरल्युकिन-१७ या संदेशवाहक प्रथिनाचे खरे नातलग कालवांत सापडतात. त्यामुळे काम जुळले म्हणून नाते जोडता येत नाही. जनुकांचा क्रमच तपासावा लागतो.

आणि अपृष्ठवंशीयांची व्यवस्था साधी असते म्हणावे, तर सी-अर्चिन या काटेरी समुद्री जीवाचा जीनोम पाहावा. २००६ मध्ये तो वाचला गेला, तेव्हा टोलसारखी २२२ जनुके मोजली गेली. माणसात कार्यरत आहेत १०.