कामांची यादी

कामांची यादी (कार्यसूची) म्हणजे ठरावीक काळात करावयाच्या कामांची लेखी नोंद होय. 'यादी' हा मराठी शब्द स्मरण या अर्थाच्या 'याद' या फारसी शब्दाशी संबंधित आहे. आधुनिक अर्थाने मात्र यादीकडून दोन अपेक्षा असतात : स्मरणाचा भार हलका करणे आणि कोणते काम आधी, कोणते नंतर, हे ठरविणे. बहुतेक याद्या पहिली अपेक्षा पूर्ण करतात आणि दुसरीत कमी पडतात.

अपूर्ण कामे आणि मन

मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी बर्लिन येथे कुर्ट लेविन यांच्या मार्गदर्शनाखाली प्रयोग करून १९२७ साली असे मांडले की, पूर्ण झालेल्या कामांपेक्षा मध्येच थांबविलेली कामे अधिक लक्षात राहतात. नंतरच्या प्रयोगांत हा निष्कर्ष सर्वत्र तसाच मिळाला नाही. तरी अपूर्ण काम मनात घोळत राहते हा अनुभव सार्वत्रिक आहे. मासिकांपो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ सालच्या संशोधनात, काम प्रत्यक्ष पूर्ण न करताही ते केव्हा व कसे करायचे याचा नेमका बेत आखला, तर त्याचे विचार मध्ये येणे कमी होते, असे दिसले. अमेरिकेतील बेलर विद्यापीठातील प्रयोगात (२०१८) ५७ तरुणांपैकी काहींनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील कामांची, तर इतरांनी पूर्ण केलेल्या कामांची यादी लिहिली. पहिल्या गटाला झोप लवकर लागली आणि यादी जितकी तपशीलवार, तितकी ती अधिक लवकर लागली. यादी मोघम असू नये, असे दोन्ही अभ्यासांवरून दिसते.

नोंदीचे स्वरूप

'बँक', 'आईचे डोळे', 'दाखला' अशा एका शब्दाच्या नोंदी लिहायला सोप्या, पण करायला अवघड असतात. त्या कामांची नावे असतात, कृती नव्हेत. डेव्हिड ॲलन यांनी २००१ सालच्या आपल्या पुस्तकात प्रत्येक विषयासमोर 'पुढची प्रत्यक्ष कृती' लिहिण्यावर भर दिला. त्यानुसार 'आईचे डोळे' याऐवजी 'नेत्रतज्ज्ञांकडे दूरध्वनी करून सोमवारची वेळ घेणे' अशी नोंद करावी.

विद्यार्थ्यांच्या परिचयाचे उदाहरण उत्पन्नाच्या दाखल्याचे आहे. यादीत ही एक ओळ असते. प्रत्यक्षात तीत शिधापत्रिकेची प्रत काढणे, तलाठ्याकडून अहवाल मिळविणे, सेतू केंद्रात अर्ज करणे आणि काही दिवसांनी दाखला आणणे अशी किमान चार कामे दडलेली असतात. त्यांपैकी काही दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून असतात. एका ओळीकडे पाहून 'होईल एका दिवसात' असे वाटते आणि शिष्यवृत्तीची मुदत हुकते. ज्या कामात दुसऱ्याची वाट पाहावी लागते, त्याचा पहिला टप्पा यादीत सर्वांत वर असावा, मग त्याची अंतिम तारीख महिन्याभराने का असेना.

प्राधान्यक्रम

तातडी आणि महत्त्व यांतील भेद अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखला जातो. १९५४ साली इव्हान्स्टन येथील भाषणात त्यांनी तो सांगितला, परंतु आपण एका माजी महाविद्यालय-प्रमुखांचे म्हणणे उद्धृत करीत आहोत असे तेथेच स्पष्ट केले होते. आज प्रचलित असलेली चार चौकोनांची आकृती त्यांनी काढलेली नाही. तिचा प्रसार मुख्यतः स्टीव्हन कव्ही यांच्या १९८९ सालच्या पुस्तकामुळे झाला. तातडीची व महत्त्वाची कामे लगेच करावीत, तातडीची पण बिनमहत्त्वाची दुसऱ्याकडे सोपवावीत आणि दोन्ही नसलेली खोडून टाकावीत, असे ही आकृती सुचविते. खरा प्रश्न चौथ्या प्रकाराचा, म्हणजे महत्त्वाच्या पण तातडी नसलेल्या कामांचा असतो. रक्तदाबाची तपासणी, विम्याचे वारसपत्र, परीक्षेतील अवघड प्रकरण यांसाठी कोणी तगादा लावत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोक मोठा लाभ सोडून केवळ मुदत जवळ असलेले कमी लाभाचे काम निवडतात, असे आढळले. अशा कामांना स्वतःहून वार आणि वेळ नेमून देणे, म्हणजे एक प्रकारे कृत्रिम मुदत घालणे, हा त्यावरचा व्यवहार्य उपाय होय.

याहून साधी पद्धत आयव्ही ली यांच्या नावावर आहे. रात्री उद्याची फक्त सहा कामे महत्त्वाच्या क्रमाने लिहायची आणि पहिले संपल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही. बेथलेहेम स्टील या कंपनीत १९१८ च्या सुमारास ती वापरली गेली आणि तिच्यासाठी लींना २५,००० डॉलर मिळाले, ही कथा आख्यायिका समजूनच वाचावी. पद्धतीचा गुण मात्र त्या रकमेवर अवलंबून नाही. सहाची मर्यादा निवड करायला भाग पाडते.

वेळेचा अंदाज

ब्यूलर, ग्रिफिन व रॉस यांच्या १९९४ सालच्या अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी सुमारे ३४ दिवसांत होईल असे सांगितले. प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. अंदाज चुकतो, कारण तो काम सुरळीत चालेल असे गृहीत धरून केला जातो. मागील वेळी तेच काम किती दिवस चालले, हे आठवून वेळ धरल्यास अंदाज अधिक जवळ जातो. दिवसाचे सर्व तास भरून ठेवलेली यादी पहिल्याच पाहुण्याबरोबर कोसळते.

मर्यादा

सलग कित्येक दिवस पुढे ढकललेली नोंद तशीच उतरवत राहू नये. ती फार मोठी असेल तर तोडावी, नको असेल तर काढावी. अनेक कामे निव्वळ खुणेच्या समाधानासाठी लिहिली जातात. केलेले काम यादीत घालून लगेच खोडणारेही कमी नाहीत.

कागद की भ्रमणध्वनी, हा प्रश्न दुय्यम आहे. वेळेवर आठवण देणे भ्रमणध्वनीला जमते, तर संपूर्ण दिवस एका नजरेत कागदावर दिसतो. महाराष्ट्रातील अनेक घरांत हे काम १९७३ साली सुरू झालेल्या 'कालनिर्णय'सारख्या भिंतीवरील दिनदर्शिका करतात : दुधाचा हिशेब, गॅस लावल्याची तारीख, लसीकरणाचा दिवस त्यांवर लिहिलेला असतो. घरातील उरलेली यादी बहुधा एकाच व्यक्तीच्या, पुष्कळदा गृहिणीच्या, डोक्यात असते. ती भिंतीवर आली, तर निदान तिची लांबी सर्वांना दिसते आणि त्यातील काही ओळी इतरांना उचलता येतात.