शाहीर गेला तरी आवाज राहिला पाहिजे

आपला समाज गाणारा समाज आहे. बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत पोहोचला तो जसा सभांतून आणि वर्तमानपत्रांतून, तसाच जलशांतून, कव्वालीतून आणि भीमगीतांतून. अक्षरओळख नसलेल्या आपल्या आयाबायांनी महाडचा सत्याग्रह, पुणे करार, नागपूरची धम्मदीक्षा हा सारा इतिहास गाण्यातूनच पाठ केला. परंतु ज्या गाण्याने आपल्याला उभे केले, ते गाणाऱ्यांचा आवाज आपण जपला काय? हा प्रश्न प्रत्येक बौद्ध कुटुंबाने स्वतःला विचारला पाहिजे.

या प्रश्नाचे महत्त्व एका परदेशी तबकडीच्या हकिकतीवरून चांगले ध्यानात येते. इंग्लंडमध्ये १९७६ च्या सुमारास 'पंक' नावाचे संगीत पुढे आले. शास्त्रोक्त तालीम नाही, भारी वाद्ये नाहीत. चार पोरे, दोन-तीन गिटारी, एक ढोलताशा आणि मनातली चीड. आपल्याकडे ढोलकी, पेटी आणि खंजिरीवर जलसा उभा राहतो, तसाच हा प्रकार. त्यातील 'क्लॅश' या पथकाचा गायक जो स्ट्रमर. तो परराष्ट्र सेवेतील नोकरदाराचा मुलगा, पण गायला तो बेकार तरुणांसाठी आणि वर्णद्वेषाविरुद्ध. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात वर्णद्वेषविरोधी मोठा मेळावा भरला, तेथेही त्याचे पथक गायले.

पुढे २००२ साली इंग्लंडमधील अग्निशामक दलाच्या कामगारांनी पगारवाढीसाठी संप पुकारला. १५ नोव्हेंबर २००२ रोजी त्यांच्या मदतीसाठी लंडनच्या ॲक्टन टाउन हॉलमध्ये स्ट्रमरचा कार्यक्रम झाला. १९८३ साली पथकापासून दूर झालेला त्याचा जुना साथीदार मिक जोन्स त्या रात्री आपण होऊन मंचावर चढला आणि दोघे पुन्हा एकत्र गायले. त्यानंतर अवघ्या ३७ दिवसांनी, २२ डिसेंबर रोजी, हृदयातील जन्मजात दोषामुळे स्ट्रमरचे निधन झाले. वय फक्त ५०. दहा वर्षांनी, २०१२ मध्ये, त्या रात्रीच्या गाण्यांची तबकडी मोजक्या प्रतींत निघाली. शौकीन मंडळी अशा तबकड्या जपून ठेवतात.

यातील बोध तबकडीच्या किमतीत नाही. त्या रात्री कोणीतरी ध्वनिमुद्रण केले, त्यावर तारीख आणि ठिकाण राहिले, दहा वर्षे ते सांभाळले गेले. म्हणून माणूस गेल्यावरही कामगारांसाठी गायलेला त्याचा आवाज जगाला ऐकता आला.

आपल्याकडेही असा एक गायक होऊन गेला. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे लोकशाहीर विलास घोगरे. 'आव्हान नाट्य मंच'बरोबर ते कामगारांच्या वस्त्यांत गात. आनंद पटवर्धन यांनी मुंबईतील झोपडपट्टीवासीयांवर काढलेल्या 'हमारा शहर' या १९८५ च्या चित्रपटात त्यांचे गाणे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेध करणाऱ्या वस्तीवर पोलिसांनी गोळीबार केला. १० जण मृत्युमुखी पडले. हे दुःख घोगऱ्यांना सोसले नाही आणि चार दिवसांनी त्यांनी आपले जीवन संपवले. असा माणूस आपल्यात राहायला हवा होता, ही हळहळ आजही संपलेली नाही. पटवर्धनांनी त्यानंतर चौदा वर्षे चित्रीकरण करून २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट पूर्ण केला. घोगऱ्यांना कधीही न पाहिलेली मुले आज त्यांचा आवाज ऐकतात, ते त्यांच्या हयातीत कोणीतरी यंत्र घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले म्हणून.

पण सर्वांच्या वाट्याला असा कॅमेरा येत नाही. १५ मे २००४ रोजी वामनदादा कर्डक गेले, त्याच वर्षी जून महिन्यात प्रल्हाद शिंदे गेले. २०१० साली विठ्ठल उमप यांनी तर नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच देह ठेवला. या थोरांची काही गाणी कंपन्यांच्या तबकड्यांवर व कॅसेटवर आहेत. मात्र कंपनीचे ध्वनिमुद्रण बंद खोलीत, मोजक्या मिनिटांत होते. जयंतीच्या रात्री मांडवात शाहीर दोन कडव्यांच्या मध्ये काय बोलला, गावातल्या कोणत्या प्रसंगावर त्याने ऐनवेळी कडवे जोडले, लोकांनी कुठे जयघोष केला, हे त्यात सापडत नाही. ते सापडेल आपल्या घरातल्या कॅसेटवर.

मुरबाड-शहापूरकडच्या वस्त्यांत, मग ते वैशाखरे असो, टोकावडे असो की किन्हवली, अनेक घरांत पत्र्याच्या पेटीत अशा कॅसेट पडून आहेत. कोणीतरी टेपरेकॉर्डर कर्ण्याजवळ ठेवून त्या भरलेल्या असतात. आपल्याकडचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. दमट हवेने फितीला बुरशी धरते, फितीवरचा चुंबकीय थर सुटू लागतो आणि एक दिवस नुसती खरखर उरते. तेव्हा ही कामे आताच केली पाहिजेत.

पहिले, कॅसेटच्या पाठीमागच्या कडेला असलेल्या दोन छोट्या पट्ट्या मोडून टाका. मग चुकूनही तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. दुसरे, कॅसेट स्पीकर किंवा लोहचुंबकाजवळ ठेवू नका. पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या. तिसरे, टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटने पुसून, वायरने तो संगणकाला जोडून आवाज उतरवून घ्या. मोबाइल नुसता समोर धरून भरलेला आवाज चांगला येत नाही. चौथे, उतरवलेल्या आवाजाच्या तीन प्रती करा व त्यांतील एक दुसऱ्या गावी ठेवा.

पाचवे काम सर्वांत मोलाचे, आणि त्याला पैसा लागत नाही. वहीत लिहा: कोण गायले, गीत कोणाचे, ढोलकीवर कोण, कोरसमध्ये कोण, गाव कोणते, तारीख कोणती. हे सांगणारी म्हातारी माणसे आज आहेत, उद्या नसतील. विशेषतः कोरसमध्ये गाणाऱ्या आपल्या माता-भगिनींची नावे गाळू नका.

हिशेबाची एक गोष्टही सांगितली पाहिजे. गीत हे गीतकाराच्या कुटुंबाचे धन आहे. आपल्या देशातील कायद्याने गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या गीतावर वारसांचा हक्क राहतो. म्हणून जपणूक जरूर करावी, परंतु विक्री करायची असेल तर कुटुंबाची लेखी संमती घ्यावी, नाव छापावे आणि त्यांचा वाटा द्यावा. शाहिराची विधवा धुणीभांडी करते आणि त्याच्या गाण्यावर इतरांचे गल्ले भरतात, असे आपल्या चळवळीत घडता कामा नये.

वैशाखऱ्याजवळून नाणेघाट चढून गेले की पलीकडे जुन्नर लागते. तेथील बौद्ध लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धान्याचे व्यापारी, कासार, बांबूकाम करणारे अशा कष्टकऱ्यांच्या श्रेणींचाही उल्लेख आहे. दोन हजार वर्षांनी आपण त्यांना ओळखतो, कारण त्यांनी आपले नाव दगडावर घालून ठेवले. आपल्या शाहिरांजवळ दगड नव्हता, फक्त गळा होता.

वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्यातील एक संध्याकाळ या कामासाठी राखून ठेवा. प्रत्येक घराने आपली कॅसेट विहारात आणावी, तरुणांनी ती उतरवावी, वडीलधाऱ्यांनी नावे सांगावीत आणि मुलामुलींनी ती वहीत लिहावीत.

जय भीम!