वाद्याचा भार आणि वादकाचे शरीर : सॅक्सोफोनच्या आधाराचा विचार

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेरखेडा हे गाव शोभेच्या दारूच्या उद्योगामुळे सर्वपरिचित आहे. शोभेच्या दारूची आणि वाजंत्रीची गाठ वरातीत पडते. वरातीपुढील बँडचा वादक तासन्‌तास उभ्याने वाजवितो, चालता चालता वाजवितो. आणि वाद्याचा भार कोणी व कसा वाहावा हा प्रश्न त्याच्या दृष्टीने केवळ सोयीचा राहत नाही. त्याची मान, पाठ व अंगठा किती वर्षे टिकतील, हे त्यावर अवलंबून असते. सॅक्सोफोन हे या प्रश्नाचे उत्तम उदाहरण होय.

अडॉल्फ सॅक्स याने 1846 मध्ये पॅरिस येथे या वाद्याचे एकस्व मिळविले. लष्करी बँडमधून ते जगभर पसरले. आल्टो सॅक्सोफोनचे वजन सुमारे अडीच किलो, टेनरचे तीन ते साडेतीन किलो, तर बॅरिटोनचे त्याहून बरेच अधिक असते. हा भार प्रायः गळ्यातील पट्ट्यावर टांगला जातो. उजव्या अंगठ्याचे काम वाद्य उचलण्याचे नसून ते स्थिर ठेवण्याचे आहे. पट्टा सैल असल्यास मात्र तो भार अंगठ्यावर येतो.

येथे दाब आणि परिबल यांत भेद करणे अवश्य आहे. पट्टा रुंद केल्यास मानेवरील दाब कमी होतो, परंतु परिबल तेवढेच राहते. समजा, तीन किलोच्या वाद्याचा गुरुत्वमध्य कमरेच्या मणक्यापुढे 20 सेंटिमीटर आहे व पाठीचे स्नायू मणक्यापासून 5 सेंटिमीटर अंतरावर कार्य करतात. तर केवळ वाद्य तोलण्यासाठी त्या स्नायूंना सुमारे 12 किलोभाराइतके अधिक बल लावावे लागेल. खांद्यांवरून जाणारा पट्टा मानेची सुटका करतो. कमरेची करीत नाही.

याच जिल्ह्यातील तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ घालणारे गोंधळी संबळ कमरेला बांधतात. तेथे भार शरीरालगत असतो व थेट कटिभागावर येतो. वजन असले तरी अंतर थोडे असल्यामुळे परिबल मर्यादित राहते. परंपरेने सिद्ध झालेली ही रचना यांत्रिक दृष्ट्याही योग्य आहे.

जमिनीवर टेकणाऱ्या स्टँडने भार शरीराऐवजी भूमीवर जातो. त्यामुळे मान व कंबर दोन्ही मोकळी होतात. चेलोच्या खालचा खुंटा आणि बास क्लॅरिनेटचा टेकू याच तत्त्वावर आहेत. अशा आधाराने नाद बिघडेल, ही शंका सहज संभवते. परंतु तंतुवाद्यात लाकडी पेटी स्वतः कंप पावून नाद पसरविते, तर सॅक्सोफोनमध्ये मुख्यतः आतील वायुस्तंभ कंप पावतो. यास्तव धातूच्या नळीला बाहेरून आधार दिल्याने नादात विशेष फरक पडत नाही. मात्र पकड चाव्यांच्या दांड्यांवर आल्यास गाद्या छिद्रांवर नीट बसत नाहीत व स्वर फुटतो. म्हणून पकड नळीच्या मुख्य भागावरच असावी.

या उपायाची किंमतही आहे. टांगलेले वाद्य वादकाबरोबर हलते. स्टँडवरील वाद्याशी वादकाला जुळवून घ्यावे लागते. स्टँड ठेंगणा असल्यास मान झुकते आणि टाळू पाहिलेला दोषच परत येतो. म्हणून प्रथम ताठ बसावे अथवा उभे राहावे, मग मुखाच्या पातळीप्रमाणे स्टँडची उंची ठरवावी; हा क्रम उलटू नये. स्टँडचा पायाही रुंद हवा, कारण गुरुत्वमध्याची लंबरेषा त्याच्या बाहेर गेली की वाद्य कलंडते.

चालत्या वरातीत हा उपाय निरुपयोगी आहे, हे उघड आहे. परंतु वादकाचे अनेक तास वरातीत नव्हे, तर सरावात जातात. ते तास भूमीवर सोपविले, तर उरलेल्या तासांसाठी मान व पाठ शाबूत राहते. वयोवृद्ध, अल्पवयीन किंवा अंगठ्याने अधू असलेल्या वादकाला तर असा आधार म्हणजे वादन चालू राहणे आणि वाद्य कायमचे खाली ठेवणे यांमधील अंतर ठरू शकतो.