एक ना धड, की दोन्ही धड?

"मोठेपणी कोण होणार?" घरी येणारा प्रत्येक पाहुणा हा प्रश्न विचारतोच. काहींचं उत्तर तयार असतं. काहींची मात्र पंचाईत होते, कारण त्यांना एक सोडून दोन उत्तरं सुचतात! गणित आवडतं आणि इतिहासही. संगणक हवा आणि अर्थशास्त्रही. मग आजोबा हसून म्हणतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या!"

दोस्तांनो, आजोबांचा इशारा खरा आहे. पण दोन्ही विषय धड करण्याची वाटही आता आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा दिला. त्यात दोन मुख्य विषय घेऊन एकच पदवी मिळवता येते. हेच ते 'डबल मेजर'.

याचा उपयोग काय? खराडीच्या मुलांना तो घराजवळच दिसेल. १९९७ मध्ये खराडी पुणे महापालिकेत आली. तोवर ते शेतीचं गाव होतं. आज तिथे आयटी पार्कच्या उंच इमारती आहेत. बँकेसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला संगणक तर यावाच लागतो, पण व्याज, कर्ज, हप्ता हेही कळावं लागतं. एका कामात दोन विषय!

पुण्यातलंच एक मोठं उदाहरण पाहा. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. त्यांना इतिहासाचाही ध्यास होता. प्राचीन चांदीची नाणी ते अगदी नाजूक तराजूवर तोलत. नाणं जितकं जास्त हातांतून फिरतं तितकं झिजतं आणि हलकं होतं. या वजनांना संख्याशास्त्र लावून कोणती नाणी आधीची, कोणती नंतरची, याचा माग त्यांनी काढला. नुसत्या गणितज्ञाला हे सुचलं नसतं आणि नुसत्या इतिहासकाराला जमलं नसतं. दोन विषय निवडताना हेच बघायचं, की ते एकमेकांच्या उपयोगी पडतात का?

आता जरा हिशेब

कॉलेजचा अभ्यास आता 'श्रेयांकां'त, म्हणजे क्रेडिटमध्ये मोजतात. आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. त्यातले निम्मे, म्हणजे ६०, मुख्य विषयाचे. दुसरा विषय दुय्यम, म्हणजे 'मायनर' ठेवला तर त्याचे २४. तोच दुसरा 'मेजर' करायचा असेल, तर एकूण क्रेडिटच्या ४० टक्के, म्हणजे ४८. बरोबर दुप्पट!

एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. म्हणजे त्या दुसऱ्या विषयाचे २४ क्रेडिट वाढले, की ३६० तास वाढले. सहा सत्रांत वाटले तर प्रत्येक सत्रात ६०, म्हणजे १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार तास. घरचा अभ्यास तेवढाच धरला तर आठ. हे तास कुठून काढणार? खेळातून, झोपेतून, की टीव्ही-मोबाइलमधून? आधी ठरवा, मगच अर्ज भरा. विद्यापीठाप्रमाणे आकडे थोडे बदलतात बरं का, पण हिशेबाची रीत हीच.

दोन पदव्यांचं काय?

ती गोष्ट वेगळी. एप्रिल २०२२ पासून आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या शिकायला परवानगी दिली आहे. दोन्ही कॉलेजांत जाऊन शिकायच्या असतील, तर तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. आणि खराडीच्या मुलाने तर प्रवासही धरायला हवा! मार्च २०२४ पासून मेट्रो रामवाडीपर्यंत येते आणि तिथून थेट डेक्कनला जाता येतं. पण खराडीहून रामवाडी गाठायची, उतरून कॉलेजपर्यंत चालायचं, हा सारा वेळ एकदा घड्याळ लावून मोजा. एक पदवी मुक्त विद्यापीठातून किंवा ऑनलाइन घेतली, तर ही धावपळ वाचते. तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे ना, तेवढं तपासा.

पैशाचा हिशेबही विसरू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये लंडनला एकाच वेळी कायदा आणि अर्थशास्त्र शिकायला सुरुवात केली. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. पैसे जमवून ते १९२० मध्ये पुन्हा गेले, बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळवली. जिद्द होतीच, पण पैशावाचून मधली वर्षं थांबावं लागलंच.

कॉलेजला विचारायचे प्रश्न

१. तुमच्याकडे डबल मेजर आहे का? कोणत्या जोड्या?
२. दोन्ही विषयांचे तास आणि परीक्षा एकाच वेळी येतात का?
३. नाहीच झेपलं, तर दुसरा विषय मायनर करता येईल का?
४. जादा फी किती?

दहावीच्या मुलांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. अकरावीत गणित सोडलं, तर पुढे संख्याशास्त्रासारख्या विषयांची वाट अवघड होते. आपल्या बोर्डात गणित कला शाखेतही घेता येतं. फक्त ते शिकवणारं कनिष्ठ महाविद्यालय शोधावं लागतं.

आणि आई-बाबा, शेजारच्या मुलाने दोन विषय घेतले म्हणून आपल्या मुलाच्या गळ्यात दोन बांधू नका. आवड एकच असेल, तर एकच मेजर उत्तम.

मग आवड खरी की वरवरची, हे कसं ओळखायचं? सुट्टीत एक प्रयोग करा. दोन्ही विषय लागतील असा एक प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, 'आमची खराडी १९९७ पासून किती बदलली?' जुन्या रहिवाशांना भेटा, त्यांच्या आठवणी लिहून घ्या. हा झाला इतिहास. मग घरभाडं, बसचं तिकीट, दुधाचा भाव यांचे तेव्हाचे आणि आताचे आकडे जमवून आलेख काढा. हे झालं गणित. महिनाभराने वही उघडून बघा. दोन्ही भाग सारखेच भरलेले असतील, तर खुशाल दोन मेजरांचा विचार करा. एक भाग रोज 'उद्या करू' म्हणून कोराच राहिला असेल, तर तो विषय मायनर किंवा छंद म्हणून ठेवा. त्यात कमीपणा मुळीच नाही!